रंगाखालचं वेल्डिंग

‘शाफ्ट बदलला, लिव्हर फिट. १,४५० रुपये.’ कच्च्या बिलावर एवढंच लिहिलेलं होतं. गाडी १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आणि पैसे मोजणारा तिचा मालक, म्हणजे प्रस्तुत लेखक. त्या १,४५० रुपयांत शाफ्ट बदललेलाच नव्हता, हे कळायला मालकाला तीन आठवडे लागले. तो राग अजून गेलेला नाही आणि जावा असं त्याला वाटतही नाही.

सुरुवात कात्रजच्या जुन्या घाटात झाली. चढणीवर तिसऱ्यातून दुसरा टाकताना पाय मोकळाच गेला. गिअर लिव्हर जागेवर होता, पण शाफ्टभोवती नुसता फिरत होता. शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात, लिव्हरच्या भोकातही तसेच. लिव्हरला एका बाजूने चीर असते आणि तिच्यातून गेलेला सहा मिलिमीटरचा बोल्ट आवळला, की दात्यात दाते घट्ट बसतात. हा बोल्ट जरासा सैल झाला तरी प्रत्येक दाबाला दाते एकमेकांना खातात. महिनोन्‌महिने हे चालतं. लिव्हरला आलेला खेळ पाय आपोआप सांभाळून घेतो, म्हणून लक्षात येत नाही.

त्या दिवशी चहाच्या टपरीवरच्या शीतपेयाच्या रिकाम्या डब्याने वेळ निभावली. डब्याचा पत्रा कापून बोटभर पट्टी केली, शाफ्टच्या दात्यांभोवती गुंडाळली, तिच्यावर लिव्हर ठोकून बसवला आणि दहाच्या पान्याने बोल्ट ताकदीने आवळला. घरापर्यंत गाडी आली. ही युक्ती घरापर्यंतच. तिच्या भरवशावर आठवडा काढला, तर उरलेसुरले दातेही जातात.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी लिव्हर हातात घेतला, शाफ्टवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “दोन्ही गेलंय साहेब. शाफ्टपण टाकावा लागेल.”

मालक म्हणाला, “टाका मिस्त्री, पण काम पक्कं करा.”

संध्याकाळी गाडी तयार होती. लिव्हरच्या मुळाशी ताजा काळा रंग चकाकत होता. “आता जन्मात निघणार नाही,” मिस्त्री म्हणाले. मालकाला ती खात्री वाटली, ते आश्वासन वाटलं. शाफ्ट बदलायचा तर उजवीकडचं कव्हर, क्लच, सगळं खोलावं लागतं. एवढं काम तीन तासांत कसं उरकलं आणि जुना शाफ्ट कुठे आहे, हे दोन प्रश्न त्याने तेव्हाच विचारायला हवे होते.

मग पार्किंगच्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी तेलाचा एक ठिपका दिसू लागला, बरोबर लिव्हरच्या खाली. एका रविवारी मालक उकिडवा बसला आणि मोबाइलचा उजेड तिथे धरला. बोल्ट दिसत होता. पण तो ज्या चिरेला आवळतो, ती चीरच दिसेना. त्याने किल्लीच्या टोकाने रंग खरवडला. पोपडा निघाला आणि खाली वेल्डिंगची खडबडीत, गाठीगाठीची कड दिसली. चीर वेल्डिंगने भरून टाकलेली. शाफ्टचं तोंड आणि लिव्हर एकजीव. बोल्ट नुसता दाखवायला लावलेला. जुना शाफ्ट, जुना लिव्हर आणि वर नव्या शाफ्टचे पैसे. मालक बराच वेळ तिथेच बसून राहिला. पैशांपेक्षा तो काळा रंग त्याच्या जिव्हारी लागला, कारण रंग मारायचा तर आधी लपवायचं ठरवावं लागतं.

वेल्डिंग केलं तर बिघडलं कुठे, असं पुष्कळजण विचारतात. गाडी तर चालते. पण या गाडीचं डावं कव्हर काढायचं, तर आधी लिव्हर निघावा लागतो. पुढचं चेन स्प्रॉकेट त्याच कव्हरच्या आड असतं, म्हणजे स्प्रॉकेट बदलायलाही वेल्डिंग कापणं आलं. शाफ्टभोवती रबरी ऑईल सील असतं. ते वेल्डिंगच्या आचेने भाजून निघतं आणि गिअर ऑईल झिरपू लागतं. फरशीवरचा ठिपका त्याचाच होता. शिवाय वेल्डिंगची अर्थ वायर लांब कुठेतरी चिकटवली असेल, तर करंट इंजिनाच्या बेअरिंगमधून जातो आणि बॅटरी जोडलेली असेल, तर वायरिंगचाही भरवसा राहत नाही.

जाब विचारायला मालक गेला, तेव्हा मिस्त्री दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर धूत होते. त्यांनी मान वर केली नाही. “तुम्हीच म्हणालात ना, पक्कं करा?” बिल पुढे धरलं, तर म्हणाले, “ते पोराने लिहिलंय.” पोरगा त्या दिवशी नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. ‘पक्कं करा’ याचा अर्थ वेल्डिंग करा असा मराठीत कधीच नव्हता, हे इथे छापून यावं म्हणूनही हा लेख लिहिला आहे.

शेवटी काम केलं नाना पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी, आणि मालक दिवसभर शेजारी स्टुलावर बसून राहिला. ग्राइंडरने लिव्हर कापून काढला, तरी शाफ्ट निघेना. तो उजवीकडून, क्लचच्या बाजूने ओढायचा असतो आणि डाव्या टोकाचा वेल्डिंगचा फुगवटा इंजिनाच्या भोकातून आत जाईना. टोकच कापावं लागलं. लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी आधी भोकाभोवती ग्रीस थापलं आणि वर फडकं गुंडाळलं. कापून झाल्यावर ते ग्रीस किसासकट बोटाने पुसून घेतलं. एवढी काळजी घेणारा माणूस पाहिल्यावर मालकाला पहिल्या गॅरेजची जास्तच चीड आली. नवा शाफ्ट, रिटर्न स्प्रिंग, सील, पॅकिंग, लिव्हर, गिअर ऑईल आणि मजुरी मिळून खर्च पहिल्या बिलाच्या जवळपास तिप्पट झाला.

आता ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी. आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे रस्त्यावरची सर्वांत तरुण आरएक्स १०० सुद्धा आता म्हातारी आहे. अस्सल सुटे भाग शोधावे लागतात. शाफ्ट विकत घेताना जुना सोबत न्यावा, लांबी जुळवावी आणि नवा लिव्हर दुकानातच त्या दात्यांवर सरकवून पाहावा. तो हाताने बसला पाहिजे, पण बोल्टशिवायही डुगडुगता कामा नये. डुगडुगला, तर डबी कितीही छान असो, परत करावा.

गिअर पडत नाही म्हणून लगेच इंजिन खोलू देऊ नये. आधी क्लच केबलचा खेळ पाहावा. क्लच पूर्ण सुटत नसेल, तर गिअर जड लागतो आणि दोष लिव्हरवर येतो. लिव्हर दाबल्यावर परत मधे येत नसेल, तर संशय रिटर्न स्प्रिंगवर घ्यावा. गाडी डावीकडे पडल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर लिव्हर किंवा शाफ्ट वाकला आहे का ते पाहावं. आणि लिव्हर वाकलेला असेल, तर शाफ्टवर असताना हातोडी मारून सरळ करू देऊ नये. तो काढून, व्हाइसमध्ये धरूनच सरळ करावा.

उजवं कव्हर काढलं, की आणखी एक गोष्ट येते आणि ती जिवावरची आहे. या गाडीत टू-टी ऑईल वेगळ्या टाकीतून ऑटोल्यूब पंपाने इंजिनाला जातं आणि पंप त्याच कव्हरवर असतो. नळी सुटली, तर तिच्यात हवा शिरते. ती काढली नाही, तर इंजिनाला तेल मिळत नाही आणि पिस्टन जाम होतो. चालत्या गाडीत मागचं चाक लॉक होऊ शकतं. नाना पेठेतल्या मिस्त्रींनी हवा काढली आणि तरीही खबरदारी म्हणून सुरुवातीच्या पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-टी टाकायला लावलं. हे काम झालं का, हे विचारायला लाजू नये.

लिव्हर बदलताच आहात, तर रिअरसेट, म्हणजे मागे सरकवलेले फूटरेस्ट लावा, असं तरुण मुलं सुचवतात. लावायला हरकत नाही. मात्र त्यात लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामध्ये एक दांडी येते. ती शाफ्टवरच्या आर्मला काटकोनात असावी, नाहीतर पायाचा जोर वाया जातो आणि अर्धवट गिअर पडतात. आर्म उलटा बसला, तर गिअरचा क्रमही उलटा होतो. मालकाने साधाच लिव्हर ठेवला. बदल एवढाच केला, की बोल्ट चांगल्या प्रतीचा घेतला आणि तो दर महिन्याला चेनला तेल देताना पान्याने तपासतो. आटे खाईपर्यंत पिळायचा नाही. त्या जाडीच्या बोल्टला दहा न्यूटन-मीटरच्या आसपासची पकड पुरते.

जुन्या येझदीवाल्यांनी तर जास्तच जपावं. म्हैसूरच्या त्या गाडीत एकच दांडा गिअरचाही आणि किकचाही. त्यामुळे त्याच्या दात्यांना दुहेरी मार बसतो.

बाकी पावती पक्की घ्यावी, ओळखीचा मिस्त्री धरावा, हे सगळे सांगतातच. पण जुना सुटा भाग परत मागावा, हे सर्वांत आधी. काम सुरू होण्यापूर्वीच सांगून ठेवावं, ‘जुना शाफ्ट मला हवाय.’

गेल्या महिन्यात पहिल्या गॅरेजसमोरून जाताना एक कॉलेजचा मुलगा आरएक्स घेऊन उभा दिसला. लिव्हरच्या मुळाशी तसाच ताजा काळा रंग. मालकाने गाडी थांबवली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. मिस्त्री आतून ओरडले, “साहेब, गिऱ्हाईक तोडू नका!” मुलगा तोपर्यंत वाकून रंग खरवडायला लागला होता.