भाजी कोणती घ्यावी : गावची की सेंद्रिय?

गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात मौद्यातलेच एक कुटुंब आले. वडील नोकरदार, आई, बारा वर्षांची मुलगी आणि सोबत आजी. मुलगी लवकर थकते, जिना चढताना तिला धाप लागते, अशी तक्रार होती. खालची पापणी ओढून पाहिली तर पांढुरकी. रक्त तपासले, हिमोग्लोबिन 8.9 निघाले. या वयात ते निदान 12 असायला हवे.

आहार विचारला तेव्हा वडील अभिमानाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वर्षभरापासून आम्ही फक्त सेंद्रिय भाजी खातो. दर रविवारी नागपूरहून आणतो."

आजींना राहवले नाही. "आणते खरं, पण थे पुरते कुठं? बुधवारपासून घरात आलू अन् वरण-भात. इथल्या बाजारातली पालक घेऊ देत नाही. म्हनते, फवारलेली राह्यते."

वडिलांची भीती खोटी नव्हती. वांगी, भेंडी, फुलकोबी, मिरची या पिकांवर फवारणी होते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पण आजारी मुलीचा प्रश्न विषाचा नव्हता, अपुऱ्या आहाराचा होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात सुमारे 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे असावीत. या हिशेबाने चौघांच्या घराला रोज दीड किलोच्या आसपास भाजी लागते. सेंद्रियच्या दराने एवढी भाजी किती घरांना परवडेल?

मग सेंद्रियचा फायदा काय? सेंद्रिय शेतीत रासायनिक खते व रासायनिक कीटकनाशके वापरत नाहीत. 2012 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तोवरच्या शेकडो अभ्यासांची छाननी केली. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण कमी दिसले. मात्र तो जास्त पौष्टिक असतो याचा ठोस पुरावा मिळाला नाही. थोडक्यात, सेंद्रिय पालकाने रक्त जास्त वाढते असे नाही. ताटात पालक असणे महत्त्वाचे. शेणखतावरची भाजीही धुवावीच लागते, कारण जंतू आणि जंतांची अंडी प्रमाणपत्र पाहून येत नाहीत.

आता दुसरी बाजू. 'गावची' म्हणजे आपोआप निर्धोक, असेही नाही. पण गावच्या भाजीचा एक मोठा फायदा आहे : पिकवणारा समोर बसलेला असतो, त्याला विचारता येते. प्रत्येक कीटकनाशकाच्या माहितीपत्रकात शेवटची फवारणी आणि तोडा यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते. तेवढे दिवस पाळले तर भाजीतील अंश बराच उतरतो. "भाऊ, शेवटची फवारणी कधी केली?" हा प्रश्न दहा गिऱ्हाइकांनी विचारला तर अकराव्याच्या आधी शेतकरी स्वतःच सांगू लागेल.

हा प्रश्न त्याच्याही जिवाचा आहे. विष सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त फवारणाऱ्याच्या अंगात जाते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतिजहाल विष. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा सर्वांत सौम्य, पण तेही विषच.

त्या कुटुंबाला जे सांगितले तेच वाचकांनाही सांगतो :

1. आधी भाजीचे प्रमाण पुरे करा. आठवडी बाजारातून हंगामाची ताजी भाजी घ्या. अवेळी आलेल्या भाजीपेक्षा ती स्वस्तही पडते.

2. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. सालीसकट खायच्या फळांसाठी लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा टाकून 15 मिनिटे बुडवा व पुन्हा स्वच्छ धुवा. साबण वापरू नका. आत भिनलेले औषध मात्र धुऊन जात नाही, म्हणून शेतकऱ्याला विचारणे सोडू नका.

3. रोज एकच भाजी नको. आज चवळी, उद्या दोडका, परवा अंबाडी. म्हणजे एकाच औषधाचे अंश रोज पोटात जाणार नाहीत.

4. पैसे उरत असतील तर सेंद्रिय जरूर घ्या. पाकिटावर 'जैविक भारत' ही खूण पाहा, नुसत्या 'नैसर्गिक' या शब्दावर भुलू नका.

5. अंगणात जागा असल्यास पालक, मेथी, सांबार लावा. याहून गावचे आणि याहून सेंद्रिय दुसरे काही नाही.

मुलीला जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणात रोज पालेभाजी, वर लिंबू पिळायचे, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा बंद. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.8 झाले. मोठे श्रेय गोळ्यांचे, हे मान्य. पण गोळ्या कधीतरी थांबतात, ताट रोजचे असते. गोळ्या थांबल्यावर ते ताट भरलेले राहिले पाहिजे.

आजी आता भाजीवाल्याला फवारणीची तारीख विचारतात. परवा म्हणाल्या, "थो मले पाहूनच सांगून देते."