जहाज सुटण्याआधी

हिंगणघाटच्या माणसाने गोव्यात बसून समुद्राचे आंतरराष्ट्रीय प्रकल्प सांभाळले, याचं गावाकडे अजून नवल वाटतं. या नोकरीत मला पोहता येणं कधीच लागलं नाही. फायली वाचता येणं रोज लागलं. मोहीम पार पडते समुद्रावर, पण ठरते जमिनीवर.

१. आधी परवानगी. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचा हक्क. तिथे संशोधन करायचं तर समुद्री कायद्याप्रमाणे किमान सहा महिने आधी जहाज, यंत्रं, मार्ग, सगळं कळवावं लागतं. शास्त्रज्ञांना हे कारकुनी वाटतं. वाटू द्यावं.

२. परदेशी पाहुण्यांना मार्चएंड पहिल्याच बैठकीत समजावून सांगावा. त्यांच्या जहाजांचं वेळापत्रक फार आधी ठरतं. आपला निधी मात्र ३१ मार्चला हिशेब मागतो.

३. पाण्याची वाटणी कागदावर करून घ्यावी. सीटीडी, म्हणजे खोलवरचं पाणी मोजून त्याचे नमुने आणणारं यंत्र, डेकवर आलं की त्याच्या बाटल्यांभोवती गावातल्या नळावर जमते तशी गर्दी होते. ऑक्सिजनवाला पहिला, कारण हवा लागली की त्याचा नमुना बिघडतो. मग पोषक क्षार, मग प्लवक. प्रत्येकाला पाणी जास्तच हवं असतं आणि बाटली असते साधारण दहा लिटरची. हे भांडण मध्यरात्री डेकवर होण्यापेक्षा दोन महिने आधी ईमेलवर झालेलं बरं.

४. विरोधकांसाठी उत्तर तयार ठेवावं. मी ‘लोहाफेक्स’मध्ये नव्हतो, पण २००९चं ते प्रकरण नव्या मुलांना हटकून सांगतो. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगनर संस्था यांची ही जोडमोहीम. ‘पोलारस्टर्न’ जहाज जानेवारीत केपटाउनहून निघालं. दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोहक्षार सोडून प्लवक वाढवायचे आणि त्यांच्यासोबत किती कार्बन तळाकडे जातो ते पाहायचं, असा बेत. पर्यावरण संघटनांनी गदारोळ केला आणि जहाज समुद्रात असतानाच जर्मन सरकारने प्रयोग थांबवायला सांगितलं. फेरतपासणीनंतर परवानगी मिळाली. पुढे प्लवक वाढले खरे, पण त्या पाण्यात सिलिका कमी, म्हणून सिलिकाचं कवच बांधणारे डायटम प्लवक फोफावले नाहीत. जे वाढलं ते बरंचसं बारीक कवचधारी जीवांनी खाल्लं. कार्बन फारसा खाली गेलाच नाही. काहींनी याला अपयश म्हटलं. माझ्या मते लोखंड टाकून हवामान सुधारू पाहणाऱ्यांना एवढं चोख उत्तर क्वचितच मिळालं असेल.

५. घरच्यांना सांगता आलं पाहिजे. काका विचारायचे, “काहून गा, त्या खाऱ्या पाण्याचा आपल्याले काय फायदा?” मी २०१६च्या ‘बॉबल’ मोहिमेचं सांगायचो. भारत आणि ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी ऐन पावसाळ्यात ‘सिंधु साधना’ जहाजावरून बंगालच्या उपसागराचा वरचा थर मोजला. आमच्या वर्धा जिल्ह्याचा बराचसा पाऊस तिकडच्याच कमी दाबाच्या पट्ट्यांवर येतो. काका म्हणायचे, “मंग पेराचं कवा, ते सांग ना.” याला माझ्याकडे उत्तर नसायचं.

६. शोधनिबंधावर कोणाची नावं येणार आणि कोणत्या क्रमाने, हे जहाज सुटण्याआधी लिहून, सह्या घेऊन ठेवावं. परतल्यावर सगळेच पहिले असतात.