शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

अंग बाहेर येण्याचे दुखणे कित्येक स्त्रिया लाजेने वर्षानुवर्षे लपवितात. पुढे धैर्य करून शस्त्रक्रिया करून घेतात. परंतु घरी येताच हंडा पुन्हा त्यांच्याच डोक्यावर चढतो. हे योग्य नव्हे. आतले टाके डोळ्यांना दिसत नाहीत, इतकेच. दहा लिटर पाण्याचे वजन दहा किलो. ते उचलिताना ओटीपोटावर ताण पडून शिवलेला भाग पुन्हा सैल होऊ शकतो.

यास्तव निदान 6 आठवडे पाणी, सरपण व कडेवर मूल घेणे वर्ज्य करावे. पतीनेही तोवर संयम पाळावा. अंथरुणास मात्र खिळून राहू नये. रोज थोडे थोडे चालावे. शौचास कुंथावे लागू नये म्हणून भाजीपाला व पाणी भरपूर घ्यावे. काही आठवडे थोडा स्राव होतो. त्यास भिऊ नये. परंतु ताप, दुर्गंधी, पुष्कळ रक्तस्राव, लघवी अडणे किंवा पोटरीस सूज, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

शस्त्रक्रिया डॉक्टर करितात. ती टिकविणे घरच्यांच्याही हाती आहे. तेव्हा हंडा कोणी उचलावा, हे बाई घरी येण्यापूर्वीच ठरवावे.