भाचीबाई, फीड लावतेस तर ऐक

सरावलीच्या गाळ्यातलं गॅस्केटचं काम आता तू बघतेस आणि वेबसाइटही तुझ्याच गळ्यात पडली आहे. तारापूर एमआयडीसीतल्या खरेदीवाल्यांना एकेकाला तीच सूचना पाठवून कंटाळलीस, म्हणून साइटचं फीड – म्हणजे नव्या नोंदी आपोआप वाचणाऱ्याकडे पोचवणारी यादी – सगळ्यांना द्यायचं ठरवलंस. झकास! चहा घे, आणि मामाचे चार शब्द ऐक.

१. नवीन काही विकत घेऊ नकोस, आधी आपलं घर धुंडाळ. वर्डप्रेसची साइट असली तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिही – ते बहुधा आधीपासून चालूच असतं. समोर कंसांचं रान दिसलं तर घाबरू नकोस, ते यंत्रांनी वाचायचं असतं. १९९९ साली नेटस्केपवाल्यांनी आरएसएस नावाची ही रीत काढली आणि पॉडकास्ट अजून तिच्यावरच चालतात.

२. मथळा एकट्याने उभा राहील असा लिही – फीडमधून तुझा लोगो, रंग, मेनू काही जात नाही. ‘महत्त्वाची सूचना’ कोण उघडणार? ‘पीटीएफई गॅस्केटचे नवे दर १ एप्रिलपासून’ म्हटलंस की स्टोअरवाला जेवण सोडून उघडेल.

३. सूचना टाइप कर, तिचा फोटो चढवू नकोस. लेटरहेडवर छापायचं, सही-शिक्का मारायचा आणि मग मोबाइलने तिरका फोटो काढायचा, ही आपल्या सगळ्या वसाहतीची लाडकी खोड आहे. फीडमधून जाताना फोटो कधी गळतो, कधी इवलासा होतो, आणि त्यातला आकडा शोधून सापडत नाही – मग ‘मॅडम, दर किती?’ म्हणून दिवसभर फोन तुलाच.

४. ‘प्रकाशित करा’ दाबण्याआधी एकदा मोठ्याने वाच, दर आणि जाडीचे मिलिमीटर तर दोनदा. वाडीत पाट एक आणि वाफे दहा. पाटात गढूळ सोडलं की दहाही वाफे गढूळ. तू नंतर साइटवर दुरुस्ती केलीस तरी फीडवरून आपोआप निघालेला मेल परत येत नाही, आणि कुणाच्या यंत्रात जुनीच प्रत राहते – म्हणून चूक गेलीच तर जुनी नोंद सुधार आणि मथळ्यात ‘दुरुस्ती’ लिहून नवी नोंदही टाक.

५. जुनी नोंद पुसून तीच पुन्हा टाकायची नाही. प्रत्येक नोंदीला फीडमध्ये एक कायमची ओळख असते, ती बदलली की यंत्राला वाटतं बातमी नवी – आणि गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या शुभेच्छा ऐन पावसाळ्यात लोकांना पोचतात. साइट दुसरीकडे हलवशील तेव्हा हे आधी तपास, आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वाट जोडून घे.

६. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये वेळ ‘कोलकाता’ आहे ना, पाहा. तिथे यूटीसी राहिलं असेल तर सकाळी १० ला लावलेली सूचना दुपारी साडेतीनला निघते – तोवर समोरच्याने दुसरीकडे ऑर्डर दिलेली असते.

७. दराची नोंद आणि हळदीकुंकवाचे फोटो वेगळ्या वर्गात ठेव. वर्डप्रेस प्रत्येक वर्गाचं स्वतंत्र फीड देतं, खरेदीवाल्यांना फक्त कामाचं दे – नको ते सारखं आलं की माणूस हवं तेही बंद करतो.

८. फीड कुणी हाताने बनवून दिलं असेल तर ‘नट अँड बोल्ट’मधल्या त्या पिळदार ‘अँड’च्या खुणेवर डोळा ठेव. ती नीट संकेतात लिहिली नाही तर तेवढीच ओळ नाही, अख्खं फीड मोडतं – डब्ल्यूथ्रीसीच्या संकेतस्थळावर फुकट तपासणी होते, तिथे घालून बघ.

९. खास गिऱ्हाइकाचा खास दर फीडमध्ये कधीही नाही – शेजारचा प्लॉटवालाही तेच फीड वाचतो, आणि तो तुझ्यापेक्षा मन लावून वाचतो.

१०. लोकांना पत्ता द्यायचा तो आपल्या साइटचा, कुठल्या फुकट सेवेचा नाही. फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, फीडबर्नर नावाच्या सेवेने फीडवरून मेल पाठवणं २०२१ मध्ये थांबवलं – ज्यांचं फीड स्वतःच्या पत्त्यावर होतं त्यांच्या वाचकांचं फक्त वाचायचं साधन बदललं. मेलची यादीही अधूनमधून उतरवून आपल्या संगणकात ठेव.

११. दुसऱ्याचं फीड आपल्या साइटवर दाखवायचं तर मथळा आणि दुवा, बस – अख्खा लेख त्याचा असतो, आणि तो उद्या काय लिहील ते तुझ्या हातात नसतं.

१२. आणि एक स्पष्टच सांगतो, आपल्याकडच्या बहुतेक खरेदीवाल्यांनी फीड हा शब्दही ऐकलेला नसतो. जुन्या आउटलुकमध्ये आरएसएसचा फोल्डर असतो, तिथे तू स्वतः जाऊन दोघातिघांना जोडून दे. बाकीच्यांसाठी फीडवरून आपोआप मेल जाईल अशी सोय कर. व्हॉट्सअ‍ॅप लगेच सोडू नकोस, पण तिथे मजकूर नको, नोंदीचा दुवा टाक – म्हणजे दर बदलला की सुधारायची जागा एकच राहील.

१३. स्वतःचं फीड स्वतःच्या मोबाइलवर जोडून ठेव – बंद पडलं तर गिऱ्हाइकाआधी तुला कळेल. गिऱ्हाईक सांगत नसतं, दुसरीकडे जातं.