पंचाची शिटी

फुटबॉलच्या मैदानावर बावीस खेळाडू एका चेंडूमागे धावत असतात आणि प्रेक्षकांचे डोळे त्या चेंडूवर खिळलेले असतात. परंतु त्याच मैदानावर आणखी एक मनुष्य धावत असतो. तो चेंडूला पाय लावीत नाही, गोल करीत नाही आणि त्याच्यासाठी कोणी टाळ्याही वाजवीत नाही. मात्र त्याच्या हातून एखादी चूक झाली, की सारे मैदान त्याच्यावर ओरडते. हा मनुष्य म्हणजे पंच.

प्रारंभी या खेळात मैदानाच्या आत असा पंच नव्हता. १८६३ साली लंडन येथे फुटबॉल असोसिएशन या संस्थेची स्थापना झाली व तिने खेळाचे नियम लिहून काढले. पुढे प्रत्येक संघ आपापला एक पंच आणू लागला. दोघांचे मत जुळले नाही, तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे दाद मागावी लागे. आपल्याच माणसाने आपला न्याय करावा, ही रीत फार काळ कशी टिकणार? शेवटी १८९१ साली तो तिसरा गृहस्थ मैदानात आला आणि निर्णयाचा अधिकार त्याच्या हाती गेला.

पंचाजवळ शिटी, घड्याळ, टिपणवही आणि दोन कार्डे असतात. पिवळे कार्ड म्हणजे ताकीद. तांबडे कार्ड म्हणजे मैदानाबाहेर जाण्याची आज्ञा. केन ॲस्टन या इंग्रज पंचांना ही कल्पना रस्त्यावरील दिव्यांचे रंग पाहून सुचली. ते पेशाने शिक्षक होते. भाषा कोणतीही असो, रंग सर्वांनाच कळतात. १९७० साली मेक्सिकोत झालेल्या विश्वचषक स्पर्धेत ही कार्डे प्रथम वापरली गेली.

आता तुम्हांस वाटेल, की मोठमोठ्या स्पर्धांत पंचाचे काम अवघड, तर हौशी आणि वयस्कर माणसांच्या सामन्यात ते अगदी सोपे असेल. वस्तुस्थिती तशी नाही. वय वाढले तरी खेळाची हौस ओसरत नाही. मन अजून वीस वर्षांचे असते. गुडघे मात्र साठीला आलेले असतात. तरुणपणी ज्या चेंडूवर सहज झेप घेतली, तशीच झेप घ्यावी असे वाटते आणि दोघे एकमेकांवर आदळतात. तरुणाचे दुखणे आठवड्यात बरे होते. वृद्धाचे हाड जुळावयास महिने लागतात. म्हणून अशा सामन्यांत खेळाचा वेळ कमी करण्यास, मैदान लहान ठेवण्यास आणि दमून बाहेर गेलेल्या खेळाडूस पुन्हा आत घेण्यास फुटबॉलच्या नियमांनीच मोकळीक दिली आहे. एखाद्यास गंभीर इजा झालेली दिसताच पंचाने खेळ थांबवावयाचा असतो. मग चेंडू गोलाच्या कितीही जवळ असो.

इंग्लंडमधील चेस्टरफील्ड या गावी २०११ साली वयस्कर माणसांसाठी एक नवीनच खेळ सुरू झाला. त्याचे नाव ‘चालता फुटबॉल’. या खेळात धावावयाचे नाही; चालावयाचे. एक पाऊल सतत जमिनीला टेकलेले असले पाहिजे. कोणी धावला, तर पंच शिटी वाजवितो आणि चेंडू दुसऱ्या संघास मिळतो. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु झपाझप चालणे कोठे संपले आणि धावणे कोठे सुरू झाले, हे क्षणार्धात ओळखणे मोठे कठीण असते!

समजा, अशा एका सामन्याचा पंच बावीस वर्षांचा तरुण आहे. दोन्ही संघांचे गोल सारखे झाले आहेत आणि शेवटचे मिनिट उरले आहे. इतक्यात एक सत्तर वर्षांचे गृहस्थ चेंडू घेऊन पुढे निघतात. सारा गाव त्यांना मानतो. उत्साहाच्या भरात ते तीन पावले धावतात आणि चेंडू गोलात जातो. त्यांचे साथीदार त्यांना मिठी मारतात. वृद्धाच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून पंचाच्या मनात येते, ‘तीनच तर पावले! कशाला यांचे मन मोडावे?’

मुलांनो, तुम्ही त्याच्या जागी असता, तर काय केले असते?

उत्तर देण्यापूर्वी दुसऱ्या संघातील गोलाजवळच्या खेळाडूकडे पाहा. त्याच्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. धावणे त्याला जमत नाही. म्हणूनच तो या खेळात आला. सर्वांनी चालावयाचे, हा नियम आहे, म्हणूनच तो बरोबरीने खेळू शकतो. तो नियमाप्रमाणे चालत राहिला आणि समोरचा धावून पुढे गेला. हा गोल मान्य केला, तर एकाचा मान राखला जाईल. परंतु दुसऱ्यावर अन्याय होईल. मग तो कोणाच्या भरवशावर पुन्हा मैदानात येईल?

म्हणून पंचाला शिटी वाजवावीच लागते. मात्र ती वाजविताना त्याच्या मुद्रेवर गर्व नसावा आणि शब्दांत कठोरपणा नसावा. वडीलधाऱ्यांना सौम्य शब्दांत कारण सांगावे आणि निर्णयावर ठाम राहावे. निर्णय चुकला असे स्वतःलाच उमगले व खेळ पुन्हा सुरू झाला नसेल, तर तो बदलण्याची मुभा नियमांनी पंचास दिली आहे. चूक कबूल केल्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. कोणाच्या तरी ओरडण्याला भिऊन निर्णय फिरविला, तर मात्र ती उरत नाही.

सामना संपतो. खेळाडू एकमेकांचे हात हातांत घेतात. गोल नाकारला गेलेले ते वृद्ध गृहस्थ पंचाजवळ येऊन त्याच्याही पाठीवर हात ठेवतात, तेव्हा त्या तरुणाला टाळ्यांची उणीव भासत नाही.

स्वाध्याय
१. १८९१ साली पंच मैदानात का आणावा लागला?
२. वयस्कर खेळाडूंसाठी नियमांत कोणत्या सवलती आहेत?
३. ‘एकाचा मान राखला जाईल, परंतु दुसऱ्यावर अन्याय होईल.’ असे लेखक का म्हणतो?
४. खेळताना तुमच्या मित्राविरुद्ध निर्णय देण्याची वेळ आली, तर तुम्ही काय कराल? दहा ओळींत लिहा.