डोंगरी सायकल : निलंबनाची रचना आणि नमुना सायकलींचे कार्य

खडबडीत वाटेवरून धावणाऱ्या वाहनाकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. जमिनीच्या प्रत्येक उंचवट्यागणिक चाकाने वरखाली व्हावे, ही पहिली. आणि चाक कितीही वरखाली झाले तरी त्यावर आरूढ असलेला मनुष्य स्थिर राहावा, ही दुसरी. चाक आणि वाहनाचा सांगाडा यांच्यामध्ये जी लवचीक जोडणी या दोन्ही अपेक्षा पुऱ्या करते, तिला निलंबन असे म्हणतात. मोटारगाडीत ही जोडणी प्रथमपासूनच होती. सायकलीत मात्र ती फार उशिरा आली. आपल्याकडील काळ्या सायकलीच्या आसनाखाली ज्या दोन स्प्रिंगा दिसतात, त्या केवळ बसणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत; चाकाला त्यांचा काहीच उपयोग नाही. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे सायकलीला तेवढेच निलंबन पुरेसे वाटत राहिले.

या समजुतीला तडा गेला तो अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मॅरिन परगण्यात. १९७०च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन टॅमलपाइस पर्वताच्या परिसरातील मातीच्या वाटांनी खाली उतरू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी पहिली शर्यत भरवली. सुमारे तीन-साडेतीन किलोमीटरच्या त्या वाटेवर जवळजवळ ४०० मीटरचा उतार होता. मागच्या हबमधील ब्रेक उतरता उतरता इतका तापे की, आतील ग्रीस जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ते नव्याने भरावे लागे. या भरणीवरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. तिच्यातील एक स्पर्धक जो ब्रीझ याने १९७७ साली खास या कामासाठी सायकलीचा सांगाडा तयार केला. गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी पुढे अशा सायकलींच्या निर्मितीला व्यवसायाचे रूप दिले. अशा रीतीने डोंगरी सायकल, म्हणजेच माउंटन बाइक, जन्मास आली. मात्र तिचा सांगाडा ताठच होता. धक्के झेलण्याचे काम टायर, स्वाराचे गुडघे व त्याची कोपरे यांच्याकडेच होते.

स्प्रिंग आणि अवमंदन

मोटारसायकलींच्या क्षेत्रातून आलेल्या पॉल टर्नर याने १९८९ साली ‘रॉकशॉक्स’ ही संस्था काढून पुढच्या चाकासाठी दुर्बिणीप्रमाणे आतबाहेर सरकणारा चिमटा बाजारात आणला. त्याची चाल सुमारे पाच सेंटीमीटर, म्हणजे आजच्या मानाने अगदीच थोडी होती. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोमधील ड्युरँगो येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. तेथे ग्रेग हर्बोल्ड याने याच चिमट्याच्या साहाय्याने उताराची शर्यत जिंकली, आणि निलंबन ही केवळ सुखसोय असल्याचा आक्षेप मागे पडला.

निलंबनाचे दोन घटक एकमेकांपासून वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला घटक स्प्रिंग. ती पोलादी असेल किंवा कोंडलेल्या हवेची असेल. धक्क्याची ऊर्जा साठवून ठेवणे हे तिचे काम. ८० किलोग्रॅम वजनाचा स्वार १५ किलोग्रॅमच्या सायकलीसह एक मीटर उंचीवरून खाली आला, तर सुमारे ९३० जूल ऊर्जा कोठेतरी सामावली गेली पाहिजे. स्प्रिंग ती बरीचशी सामावून घेते खरी, पण लगेच परतही करते. नुसत्या स्प्रिंगवर स्वार झालेला मनुष्य चेंडूसारखा उसळत राहील. म्हणून दुसरा घटक, अवमंदक, आवश्यक ठरतो. तेलाने भरलेल्या नळीत एक दट्ट्या सरकतो. दट्ट्याला छिद्रे असतात व त्या छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांची चवड बसवलेली असते. तेलाला या चकत्या वाकवून वाट काढावी लागते आणि या घर्षणात गतीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. लांब उतारानंतर धक्काशोषकाला हात लावल्यास तो चांगलाच गरम लागतो, त्याचे कारण हेच.

अवमंदन किती असावे, हा नाजूक प्रश्न आहे. ते कमी पडले तर सायकल उसळते. उलट परतीच्या चालीवरील अवमंदन जास्त झाले, तर पहिल्या दगडाने दाबलेले चाक दुसरा दगड येईपर्यंत पूर्वस्थितीला येत नाही. प्रत्येक धक्क्यागणिक ते अधिकाधिक आत दबत जाते आणि अखेरीस निलंबन असून नसल्यासारखे होते.

हवेच्या स्प्रिंगचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्मे केले असता तिचा निरपेक्ष दाब दुप्पट होतो. दाबण्याची क्रिया झटकन झाल्यास हवा तापते व दाब त्याहूनही वाढतो. म्हणजे चाल संपत येते तसतशी ही स्प्रिंग आपोआप कठीण होत जाते. नळीत प्लॅस्टिकचे ठोकळे बसवून हवेची जागा कमी केली की, हा कठीणपणा आणखी वाढवता येतो. हवेची स्प्रिंग हलकी असते व साध्या पंपाने स्वाराच्या वजनानुसार जुळवून घेता येते. पोलादी स्प्रिंगला मात्र प्रत्येक वजनासाठी निराळे वेटोळे लागते; परंतु हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांचे घर्षण तिच्यात नसल्याने बारीक खडीवर ती अधिक तत्परतेने हलते.

मागील चाकाचा प्रश्न

पुढच्या चाकाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. मागील चाक स्वाराचे अधिक वजन वाहते, साखळीची ओढ सोसते आणि ब्रेकचा जोरही घेते. ते सांगाड्याला एका झुलत्या बाहूने जोडलेले असते. हा बाहू ज्या सांध्याभोवती फिरतो, त्याच्या जागेवर सायकलीचा बराचसा स्वभाव अवलंबून असतो.

प्रथम तरफेचा हिशेब पाहू. चाकाची चाल १५० मिलिमीटर असून धक्काशोषक ६० मिलिमीटर दबत असेल, तर तरफेचे प्रमाण अडीच होते. चाकावर ५० किलोग्रॅमचा भार असताना धक्काशोषकावर १२५ किलोग्रॅमचा भार येतो. स्वार नुसता बसला असता चाकाने आपल्या चालीच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे ४५ मिलिमीटर दबावे, असा संकेत आहे; कारण खड्डा आल्यास चाकाला खालीही जाता आले पाहिजे. या हिशेबाने धक्काशोषक १८ मिलिमीटर दबेल, आणि स्प्रिंगला प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे सात किलोग्रॅम भार पेलण्याइतके बळ हवे, असे ठरते. प्रत्यक्षात तरफेचे प्रमाण पूर्ण चालीत एकसारखे राहत नाही. सुरुवातीस ते अधिक व शेवटी कमी ठेवल्यास चाक लहान खड्यांना मृदू आणि मोठ्या उडीला कठीण असा प्रतिसाद देते.

यापुढचा मुद्दा साखळीचा. स्वार जोराने पायडल मारतो तेव्हा भार मागे सरकतो व मागचे निलंबन दबू पाहते. प्रत्येक पायडलागणिक सायकल अशी खाली बसू लागली, तर चढावर स्वाराची शक्ती वाया जाते. यावर उपाय साखळीतच सापडतो. चाक वर जाताना पुढच्या दंतचक्रापासून थोडे दूर जाईल अशा जागी सांधा ठेवला, तर साखळीचा ताण चाकाला खाली ओढून धरतो आणि दबण्याच्या प्रवृत्तीला आळा घालतो. ऑस्ट्रियात जन्मलेला अभियंता हॉर्स्ट लाइटनर याने मागील आसाच्या पुढे व किंचित खाली आणखी एक सांधा दिला. त्यामुळे आस झुलत्या बाहूवर न राहता वेगळ्या दांड्यावर गेला, आणि निलंबनावरील ब्रेकचा परिणाम आवरता येऊ लागला. हे पेटंट ‘स्पेशलाइज्ड’ या अमेरिकी संस्थेने १९९८ साली विकत घेतले. डेव्ह वीगल याने ताठ मागचा त्रिकोण दोन आखूड दुव्यांवर टांगून साखळीच्या ओढीचा समतोल अधिक काटेकोर केला. त्याच्या रचनेच्या सायकलीवर ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २००६ व २००७ साली उताराच्या शर्यतीत जगज्जेता ठरला.

साखळीविना धाव

या उपायाची किंमतही मोजावी लागते. चढावर उपयोगी पडणारी साखळीची ओढ उतारावर चाकाच्या मोकळेपणाच्या आड येते. दगडावर आदळून चाक झटकन वर गेले की, साखळी ताणली जाते व पायडलांना मागे झटका बसतो.

ही अडचण किती मोठी आहे, हे दोन अपघातांनी चर्चेत आणले. २०१४ साली नॉर्वेमधील हाफ्येल येथील जागतिक अजिंक्यपद शर्यतीत अमेरिकेच्या नेको मुलाली याची साखळी प्रारंभीच तुटली. तरीही तो चौथा आला. जून २०१५ मध्ये ऑस्ट्रियातील लिओगांग येथील विश्वचषक शर्यतीत आरन ग्विन याची साखळी सुरुवातीच्या फाटकातच तुटली, आणि एकदाही पायडल न मारता त्याने ती शर्यत जिंकली. साखळी नसल्याने मागील चाक मोकळे झाले व म्हणूनच हे शक्य झाले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. साखळी ताणली जाते तेव्हा ती मागचे दंतचक्र पुढच्या दिशेने फिरवू पाहते. परंतु चाक त्याहून वेगाने फिरत असेल, तर फ्रीव्हीलमुळे दंतचक्राला मोकळेपणाने पुढे फिरता येते आणि पायडलाला झटका बसण्याचे कारण उरत नाही. वेगात असलेल्या सायकलीत म्हणूनच हा परिणाम हिशेबात दिसतो त्याहून लहान असतो. ब्रेक लावल्यामुळे चाक मंदावले किंवा थांबले म्हणजे मात्र तो पूर्ण रूपाने जाणवतो. आणि तीव्र उतारावर दगडांच्या राशीत शिरताना स्वाराचा हात ब्रेकवरच असतो. शिवाय साखळीचा खालचा भाग ताठ ठेवणारी स्प्रिंग चाकाला थोडासा विरोध करतच असते. साखळीविना धावण्यातील लाभ कितपत खरा व कितपत त्या दोन स्वारांच्या कौशल्याचा, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. परंतु शंका निर्माण झाली, आणि रचनाकारांनी तिला उत्तर देण्याचा यत्न केला, हे महत्त्वाचे.

एक उत्तर जुन्याच कल्पनेतून आले. मुख्य सांधा दंतचक्राच्या बराच वर नेला, तर चाक वर जाताना थोडे मागेही सरकते. दगडाचा धक्का चाकाला मागे व वर ढकलतो. चाकाची वाट त्याच दिशेची असल्यास वेग कमी मोडतो. परंतु अशा रचनेत साखळी फारच ताणली जाईल. म्हणून सांध्याजवळ एक लहान दंतचक्र बसवून साखळी त्यावरून नेतात, म्हणजे चाकाच्या हालचालीने तिची लांबी फारशी बदलत नाही. अँडोरा येथील ‘कोमेन्साल’ संस्थेच्या अशा सायकलीवर फ्रान्सचा अमोरी पिएरों याने २०१८ साली विश्वचषकमालिका जिंकली, आणि ही रचना सर्वत्र प्रचारात आली. जास्तीच्या दंतचक्रामुळे घर्षण व वजन वाढते, तसेच चिखलात ते अधिक काळजी मागते, हा तिचा दोष होय.

नमुना सायकलींचे कार्य

कागदावरचा हिशेब किती खरा, हे वाटेवरच ठरते. त्यासाठी विक्रीपूर्वी नमुना सायकली बांधल्या जातात. कार्बनतंतूंचा सांगाडा साच्यात घडवावा लागतो व साचा महाग असतो. म्हणून पहिले नमुने बहुधा ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडून तयार करतात. त्यांच्या सांध्यांत बदलता येण्याजोगे तुकडे ठेवलेले असतात, म्हणजे एकाच सांगाड्यावर तरफेची अनेक प्रमाणे पारखता येतात. चिमट्यावर व धक्काशोषकावर संवेदक बसवून प्रत्येक धक्क्याची खोली आणि वेग नोंदतात. स्वाराचे मत आणि नोंदलेले आलेख यांचा मेळ बसला, तरच बदल कायम होतो.

प्रत्येक नमुना बाजारात येतोच असे नाही. जपानच्या ‘होंडा’ संस्थेने आरएन-०१ ही सायकल शर्यतीत उतरवली. तिची वेग बदलणारी यंत्रणा सांगाड्याच्या पोटात, बंद पेटीत होती. त्यामुळे मागील चाकावरचा भार घटला व चाक अधिक चपळ झाले. ग्रेग मिनार याने २००५ साली तिच्यावर विश्वचषकमालिका जिंकली. २००७ नंतर ‘होंडा’ने हा उपक्रम थांबवला आणि ती सायकल कधीच विक्रीस आली नाही. तिच्यातील विचार मात्र टिकला. जर्मनीतील ‘पिनियन’ संस्थेच्या पायडलांजवळील दंतपेट्या त्याच दिशेने जातात.

नमुना घडवण्याचे साधनही बदलले आहे. वेल्समध्ये २०१९ साली अथर्टन भावंडांनी स्थापन केलेली संस्था टायटॅनियमच्या भुकटीपासून, थरावर थर चढवून, सांगाड्याचे सांधे छापते व त्यांत कार्बनच्या नळ्या चिकटवते. साच्याची गरज नसल्याने सांध्याची जागा बदलणे हे संगणकावरील आकृती बदलण्याइतके सोपे झाले. २०२३ साली स्वित्झर्लंडमधील लेंझरहाइड येथे रेचल अथर्टन हिने याच सायकलीवर विश्वचषक शर्यत जिंकली. नेको मुलाली यानेही पुढे स्वतःच्या कल्पनेचे सांगाडे बनवून घेण्यास आरंभ केला. त्याच्या ‘फ्रेमवर्क्स’ संघाचा असा व्हर्मेट २०२४ साली कनिष्ठ गटात जगज्जेता झाला. मोठ्या कारखान्याचे पाठबळ नसतानाही चांगली रचना घडवता येते, याची ही साक्ष म्हणता येईल.

अवमंदकाच्या झडपा विजेच्या साहाय्याने उघडण्या-मिटण्याचे प्रयोगही स्थिरावले आहेत. ‘फॉक्स’ने २०१८ साली व ‘रॉकशॉक्स’ने २०२१ साली अशा यंत्रणा विक्रीस आणल्या. संवेदक वाटेचा कल आणि धक्के ओळखतात व लहानशी मोटार किंवा विद्युत्‌चुंबक झडप हलवतो. चढावर घट्ट आणि उतारावर मोकळे, ही परस्परविरोधी मागणी सांध्याच्या जागेने अर्धीमुर्धीच भागते; ती झडपेने भागवण्याचा हा यत्न आहे. विजेरी, किंमत आणि दुरुस्तीची गुंतागुंत या त्याच्या मर्यादा आहेत.

या सर्व प्रयत्नांचे मोल शर्यतीतील सेकंदांपुरते नाही. ब्रेक लावला तरी टायर जमिनीला चिकटलेला असेल तरच सायकल थांबते, आणि हँडल वळवले तरी पुढचे चाक जमिनीवर असेल तरच ती वळते. हवेत उसळलेले चाक स्वाराची एकही आज्ञा पाळू शकत नाही. त्यामुळे एखाद्या नव्या निलंबनाची पारख करताना त्याची चाल किती किंवा दुवे किती, याहून एक साधा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते : वाट खडबडीत झाल्यावर त्याचे चाक किती वेळ जमिनीवर राहते?