दोरी ओढण्याआधी

होडी आता तुझ्याकडे आली, सीझन तोंडावर आलाय आणि मशीन मात्र जुनंच आहे: दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. मालवणच्या धक्क्यावर सल्ल्यांना तोटा नाही. पण तिथले निम्मे सल्ले 'प्लग बदल' इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात, म्हणून म्हटलं चार गोष्टी नीट सांगून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट मशीनची नाहीच. बाहेर मशीन बंद पडलं की झाकणाला हात लावायच्या आधी नांगर टाक. कोटाभोवती खडक किती आहेत ते तुला ठाऊक आहे. तू कार्बोरेटरमध्ये डोकं घालून बसशील आणि होडी वाहत जाऊन खडकावर बसेल. नांगर धरला, माणसं बसवली, वल्ही हाताशी घेतली, मग दुरुस्तीचं बघ.

मग साध्या गोष्टी बघ. हातात बांधायची लाल दोरी असते, तिची क्लिप जागेवर आहे का? गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद राहिला की मशीन झकास चालू होतं, पाच-दहा मिनिटं पळतं आणि गुदमरून बंद पडतं. तोवर टाकीत हवा शिरली की पुन्हा चालू होतं. अशा मशीनवर लोकांनी कॉइल बदललेल्या मी पाहिल्यात.

मशीन नीट चालत नसेल तर ते कधी चालत नाही याच्याकडे लक्ष दे. थंड असताना चालूच होत नाही? चालू होतं पण स्लोवर टिकत नाही? स्लोवर छान, पण थ्रॉटल दिला की बसतं? का अर्धा तास पळाल्यावर मरतं? या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी असतात. आपल्याकडचे जुने लोक म्हणायचे, 'मशीन काय म्हणता ता आधी आईक.' पाने हातात घेण्याआधी एवढं जरूर कर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. प्लग, पेट्रोल आणि स्क्रू एकदम बदललेस तर मशीन सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळणार नाही.

दहात सात वेळा खोट पेट्रोलमध्ये निघते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २०% पर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा, वर अर्धी रिकामी टाकी, मग पावसाळाभर पडून राहिलेल्या पेट्रोलचं काय होणार? पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे होतात. ओढनळी तळाशीच असते. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. म्हणजे मशीनच्या पोटात जातं ते पाणी आणि स्पिरिट, तेही बिनऑइलचं. मशीन खराब चालतंय एवढ्यावर थांबत नाही, पिस्टनवरही बेततं. म्हणून सीझनच्या पहिल्या दिवशी टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढ आणि दहा मिनिटं हलवू नकोस. खाली वेगळा थर दिसला तर सगळं पेट्रोल काढून टाक. वरचं चांगलं आहे म्हणून वाचवायला जाऊ नकोस.

ऑइलचं प्रमाण पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. रिंग-पिस्टन नवीन टाकले असतील तर रनिंगच्या काळात त्याच्या दुप्पट. काही जुन्या मॉडेलांना मुळातच जास्त लागतं, तेव्हा पुस्तिका बघ, अंदाजाने ओतू नकोस. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं हवं. स्कूटरचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं खरं, पण ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी केलेलं असतं. त्याची राख पिस्टनवर बसते, रिंगा चिकटतात, प्लग मरतात. वाचलेले पैसे दुसऱ्याच वर्षी व्याजासकट जातात.

आता पाइपमधला रबरी फुगा. तो उभा धर, बाण मशीनकडे, आणि दाबत राहा. दाबता दाबता तो कडक व्हायला हवा. कडक होतच नसेल तर एकतर कुठून तरी हवा ओढली जातेय, नाहीतर कार्बोरेटरची सुई अडकून पेट्रोल वाहून जातंय. वाहून जात असेल तर वासानेच कळेल. मशीन चालू असताना फुगा चपटा होत असेल तर अडथळा टाकीकडच्या बाजूला आहे. पाइपच्या टोकाच्या क्लिपमध्ये बारीक रबरी रिंग असते, ती कडक झाली की तिथून हवा शिरते. बाहेर थेंबही गळत नाही, कारण चालू मशीनमध्ये तिथे ओढ असते, दाब नसतो. म्हणून कोरडी दिसणारी जोडणी चांगली असेलच असं नाही. आठ-दहा रुपयांची ती रिंग दोन नग खिशात ठेव.

फुल थ्रॉटलला मशीन बसायला लागलं की खलाशाला सांग, फुगा दाबत राहा. दाबल्यावर मशीनने उचल खाल्ली तर पेट्रोल कमी पडतंय. मग इंजिनाला बसवलेला छोटा पेट्रोल पंप उघड. त्यातला डायफ्रॅम इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या धडधडीवर हलतो. इथेनॉलने तो ताठ होतो, कधी त्याला केसाएवढी चीर पडते. डोळ्यांना दिसत नाही, उजेडासमोर ताणून बघ. फुगा दाबूनही फरक पडला नाही तर चोक जरासा ओढ. सुधारलं तर पेट्रोलच कमी, म्हणजे मेन जेटमध्ये कचरा. आणखी बिघडलं तर पेट्रोल आधीच जास्त जातंय.

स्लोवर टिकत नाही, कार्बोरेटरमधून शिंकतं, पण पळताना ठीक आहे, असं असेल तर पायलट जेट तुंबलाय. बाकी काही शोधत बसू नकोस. कार्बोरेटरची खालची वाटी काढ. तिच्यात हिरवट चिकट थर दिसेल, तो वाळलेल्या पेट्रोलचा. जेट पितळेचा, नखापेक्षा लहान. तो सूर्याकडे धरून बघ, भोकातून गोल, स्वच्छ ठिपका दिसायला हवा. अर्धवट दिसला किंवा दिसलाच नाही तर क्लीनर मारून हवा दे. तरी निघालं नाही तर विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार घाल. सुई घालायची नाही, स्टीलची तारही नाही. भोक रुंद झालं की जेट फेकून द्यावा लागतो, आणि ते रुंद झालंय हे डोळ्यांना कधी कळत नाही. बाहेरचा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत टेकव आणि किती फेरे गेले ते मोजून झाकणाच्या आत मार्करने लिही. जोराने आवळलास तर त्याचं टोक जाईल. स्लोची सेटिंग नेहमी पाण्यात, गिअर टाकून कर. पिंपातल्या पाण्यात छान लागलेलं मशीन बाहेर गेलं की रुसतं.

प्लगला सगळे दोष देतात, पण प्लग बहुतेक वेळा निरोप्या असतो. तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, मशीन तापतंय, लगेच थांब. एक प्लग मळलेला आणि दुसरा संशय यावा इतका स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय, हेड गॅस्केट बघ. डॉल्फिन दाखवायला तासन् तास स्लोवर फिरवतोस, त्यानेही प्लग काळे होतात. येताना मोकळ्या पाण्यात दोन मिनिटं पूर्ण थ्रॉटल देत जा. एक सिलिंडर मेलाय असं वाटलं तर दोन प्लगांची अदलाबदल कर. खोट प्लगाबरोबर सरकली तर प्लग गेला, जागेवर राहिली तर कॉइल-वायर बघ. ठिणगी बघताना प्लग इंजिनाच्या धातूला टेकलेला हवा. वायर हवेत लोंबत ठेवून दोरी ओढलीस तर सीडीआय उडेल, आणि तो या सगळ्या सामानात महाग.

मागून पडणारी पाण्याची धार रोज बघ. बारीक झाली तर आधी तिच्या भोकात तार घाल, वाळू असते. तरी बारीकच राहिली तर इम्पेलर. देवबागला संगमावर उथळ पाण्यातून जातोस, तिथली वाळू इम्पेलर खाते. त्या पट्ट्यात मशीन थोडं वर उचल, पण पाणी ओढायची जाळी बुडालेली ठेवून. आणि 'जरा आवाज बघतो' म्हणून कोरडं मशीन चालवू नकोस, रबर काही सेकंदांत जळतं.

मशीन ओरडतंय आणि होडी जागची हलत नाही? मग इंजिनाला काही झालेलं नाही. पंख्याच्या आतलं रबर सुटलंय. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून पेनाने एक सरळ रेघ ओढ, फेरी मारून ये. रेघ तुटली तर खात्री. पंखा काढलासच तर मागे मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळली नाही ना ते बघ. ती सील कापते आणि गिअरच्या ऑइलमध्ये पाणी जातं. खालचा स्क्रू काढल्यावर ऑइल पांढरट आलं तर सील बदलल्याशिवाय बाहेर जाऊ नकोस.

हे सगळं करून भागलं नाही तर कॉम्प्रेशन मोजून घे. दोन सिलिंडरमध्ये साधारण १०% पेक्षा जास्त फरक आला तर ते काम तुझं नाही, मेकॅनिककडे ने.

सीझन संपला की मशीन गोड्या पाण्यात चालव, पेट्रोलचा पाइप काढ आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू दे. वाटीचा स्क्रू सोडून उरलेलं काढ. टाकीतलं पेट्रोल पुढच्या सीझनला ठेवू नकोस. तुझ्या स्कूटरमध्येही ओतू नकोस, आताच्या स्कूटर फोर-स्ट्रोक, नुसता धूर काढतील. वाडीत कुणाची जुनी चेतक किंवा लूना अजून फिरत असेल तर त्याला दे. तो दुसऱ्या दिवशी आणखी आहे का विचारायला येईल.